दुपारी दोनची नाडी

हॉस्पिटलात तिला नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. समोर 'बाई', आणि पाठ वळली की 'उकरणीबाई'. जुनी मढी उकरत बसते म्हणून उकरणी. हे नाव कुणी ठेवलं ते तिला ठाऊक होतं. रक्त तपासणाऱ्या खोलीतल्या एका गलेलठ्ठ डॉक्टरने. आणि त्याला एवढं सुचलं याचंच तिला नवल वाटलं होतं. नावाचा राग तिला नव्हता. तिच्या रागाला इतकी गिऱ्हाइकं रांगेत उभी असायची की त्या जाड्याचा नंबर लागणं कठीण होतं.

काम होतं मृत्यू आढावा विभागात. हॉस्पिटलात जो कोणी मरेल त्याची फाईल तिसऱ्या मजल्यावरच्या, एके काळी जिथं जुन्या चादरी ठेवायच्या, त्या कोठीत यायची. कोठीला रंग दिला, दोन गुबगुबीत खुर्च्या आणल्या, टेबलावर कागदी रुमालांचा खोका ठेवला आणि दारावर पाटी ठोकली, झाला विभाग. फाईल पहिल्यांदा बाईने वाचायची. मग घरच्यांना बोलावून त्यांचे प्रश्न विचारायचे आणि ते त्यांच्याच शब्दांत पहिल्या पानावर लिहायचे. गुरुवारी तिघांच्या कमिटीपुढे सगळं ठेवायचं. कमिटीचं उत्तर आलं की घरच्यांना समोर बसवून वाचून दाखवायचं. रडले तर रुमाल द्यायचा, ओरडले तर ऐकायचं.

दोन्हीकडून शिव्या खायची ही नोकरी. डॉक्टर लोकांना वाटे, ही आपल्यावर सोडलेली हेर आहे. ती कॅन्टीनमध्ये शिरली की अख्खं टेबल एकदम चहा ढवळायला लागे. मेलेल्याच्या घरच्यांना वाटे, ही हॉस्पिटलची माणूस, गोड बोलून आपल्या तोंडाला पानं पुसायला बसवलेली. बाई गोड बोलत नाही हे त्यांना पाच मिनिटांत कळे, पण त्याने त्यांचं मत काही सुधारत नसे. एका गृहस्थाने तिच्या अंगावर फाईल फेकली होती. तिने ती गोळा केली, पानं क्रमाने लावली आणि "पुढचा प्रश्न काय?" असं त्याला विचारलं.

त्याआधी सव्वीस वर्षं ती वॉर्डात होती, त्यातली अकरा इन्चार्ज सिस्टर म्हणून. तिच्या वॉर्डातल्या चादरी सुरकुती पाडून घ्यायला घाबरतात असं म्हणायचे. मग पाठीच्या मणक्याने दगा दिला, माणसं उचलणं बंद झालं आणि प्रशासनातल्या साहेबांनी तिला मेलेल्यांकडे पाठवलं. "त्यांना उचलायला लागत नाही," असं साहेब म्हणाले होते. त्यांना तो विनोद वाटला असावा. आता निवृत्तीला सात महिने उरले होते आणि ते तोंड मिटून काढावेत असं तिच्या नवऱ्याचं मत होतं. नवरा बस डेपोत वेळा नोंदवण्याच्या कामावरून निवृत्त झालेला. दिवसभर घरी बसून तो बायकोच्या नोकरीबद्दल मतं तयार करायचा.

अशात एका म्हाताऱ्या सुताराची फाईल आली. वय एकाहत्तर. आतड्याला पीळ पडला होता, ऑपरेशन झालं, दोन दिवस बरे गेले आणि तिसऱ्या दिवशी दुपारी पावणेचारला, चारचं इंजेक्शन द्यायला गेलेल्या सिस्टरला तो पलंगावर गार पडलेला सापडला. घरच्यांनी शवविच्छेदन नको म्हटलं होतं. त्यामुळे तो नेमका कशाने गेला हे कागदावर कुठेच नव्हतं.

सुताराची बायको आणि मुलगा पाच आठवड्यांनी आले. मुलगा शाळेत गणित शिकवणारा, चाळिशीचा. खुर्चीवर बसण्याआधीच त्याने ठरवलं होतं की समोरची बाई चोर आहे.

"लिहा," तो म्हणाला. "प्रश्न एकच. चूक कुणाची."

बाईने लिहिलं. मग म्हातारीकडे वळून विचारलं, "मावशी, तुमचा काही प्रश्न?"

"तिला काय विचारताय. ती काही बोलत नाही हल्ली."

"मी त्यांना विचारलं," बाई म्हणाली.

म्हातारीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग अगदी सरळ आवाजात ती म्हणाली, "मी पाणी पाजलं म्हणून ते गेले का?"

मुलगा गर्रकन वळला. त्याला हे ठाऊक नव्हतं.

"पलंगाला पाटी होती, तोंडाने काही द्यायचं नाही म्हणून," म्हातारी बाईलाच सांगत होती, मुलाकडे बघत नव्हती. "पण जीभ पार वाळून गेली होती त्यांची. बोलता येईना. सव्वाला मी चार चमचे पाजले. एकदा ठसका लागला. मग भेटीची वेळ संपली, सगळ्यांना बाहेर काढलं. मी दाराबाहेर बाकावर बसून राहिले. चारला आत घेतील म्हणून."

"म्हणून भिंतीकडे तोंड करून पाणी पितेस होय," मुलगा म्हणाला. "पाच आठवडे मी विचारतोय."

बाईने तो प्रश्न म्हातारीच्या शब्दांत लिहिला. गेली सहा वर्षं ती असे प्रश्न लिहीत होती. चूक कुणाची, हा प्रश्न विचारणारे भांडून का होईना पुढे जगतात हे तिने पाहिलं होतं. माझी चूक का, असं विचारणारे तिथेच रुतून बसतात. एका आईने तर तान्ह्या मुलाच्या मरणाचं उत्तर ऐकायला यायचंच नाकारलं होतं. त्या उत्तरात तिची चूक नव्हती, पण ते तिला सांगणार कोण.

पहिल्या गुरुवारी कमिटीने हे प्रकरण सात मिनिटांत उरकलं. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त सर्जन, ज्यांचे हात आता थरथरत पण मतं मुळीच थरथरत नसत. दुसरे एक कमी बोलणारे डॉक्टर. तिसरे साहेब. अध्यक्षांनी मजकूर सांगितला: मनाई असताना नातेवाईकांनी तोंडाने पाणी दिले, श्वासमार्गात पाणी जाऊन मृत्यू झाल्याची शक्यता नाकारता येत नाही. सगळ्यांचे चेहरे उजळले. कुणाच्याही अंगाला न लागता मरण मार्गी लागलं होतं, आणि लागलंच असेल तर ते एका म्हातारीच्या.

शक्यता नाकारता येत नाही. हे चार शब्द हॉस्पिटलच्या शिक्क्यासकट त्या म्हातारीच्या हातात पडले असते तर उरलेलं आयुष्य तिने पाण्याच्या प्रत्येक घोटाला ते मनात वाचले असते. बाईने एक आठवडा मागून घेतला. "कशाला?" साहेबांनी विचारलं. "फाईल नीट वाचली नाही," ती म्हणाली. ती असं कधी म्हणत नसे, म्हणून त्यांनी दिला.

वाचली तर तिने होतीच. तिला खटकला होता तो तक्ता. ऑपरेशन झालेल्या रुग्णाची नाडी, श्वास, ताप दर तासाला बघून वॉर्डातली सिस्टर तक्त्यात भरते. सुताराच्या तक्त्यात बाराला नाडी चौऱ्याऐंशी, एकला शहाऐंशी, दोनला चौऱ्याऐंशी, तीनला ब्याऐंशी. श्वास अठरा, वीस, अठरा, अठरा. दोन वाजता, पाळी बदलते तेव्हा, निळ्याचं काळं पेन झालेलं. तीनच्या पुढे शेरा: शांत झोप. इतका गुणी रुग्ण पाऊण तासात मरतो म्हणजे मध्ये काहीतरी अचानक झालं असणार, आणि अचानक म्हणजे पाणी. कमिटीने असाच हिशेब मांडला होता.

बाईने तो तक्ता पहिल्या नजरेला ओळखला होता. पोटच्या मुलीचं अक्षर ओळखावं तसा. हा तिचाच धडा होता. पंधरा वर्षांपूर्वी वॉर्डाची तपासणी व्हायची आणि रकाना रिकामा दिसला की इन्चार्जची चारचौघांत शोभा व्हायची. चाळीस रुग्णांना दोन सिस्टर. दर तासाला चाळीस नाड्या बघायला त्यांना आठ हात लागले असते. तेव्हा बाईने आपल्या पोरींना शिकवलं होतं: रकाना मोकळा ठेवायचा नाही. मागचा आकडा बघायचा, दोनने कमी-जास्त करायचा. सगळीकडे सारखा लिहायचा नाही, संशय येतो. श्वास अठरा-वीस ठेवायचा. पाळी बदलली की पेन बदलायचं. हे शिकवताना ती हसली होती, पोरीही हसल्या होत्या, आणि तिचा वॉर्ड सलग चार वर्षं पहिला आला होता.

पण नुसत्या ओळखीवर काही सिद्ध होत नाही, म्हणून तिने फाईल पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. आदल्या दिवशीच्या डॉक्टरांच्या सूचनांत एक ओळ होती: उद्या छातीचा एक्स-रे. एक्स-रे मात्र फाईलमध्ये नव्हता.

ती तळमजल्यावर गेली. एक्स-रे काढणारा माणूस तिला बघूनच उभा राहिला, आदराने नव्हे, दार अडवायला.

"तुमचं काय काम इथं?"

"त्या तारखेचं रजिस्टर दाखव."

"साहेबांची चिठ्ठी आणा."

"चिठ्ठी आणते," बाई म्हणाली, "पण मग रजिस्टर मी नाही, साहेब बघतील. आणि तुझी पानं किती स्वच्छ असतात ते मला माहीत आहे."

त्याने रजिस्टर टेबलावर आपटलं. सुताराचं नाव सापडलं. आणला एक चाळीसला, मागच्या लिफ्टने. परत पाठवला दोन पस्तीसला. समोर शेरा: उभे राहता येत नाही, पुष्कळ घाम, पोट दुखते म्हणतात, आडवे झोपवून काढला. वॉर्डला फोन दोनदा, उचलला नाही.

"फोन मी केला होता," तो माणूस म्हणाला. "दोनदा. ते लिहिलंय तिथं. माझ्या अंगावर शेकवू नका. मी फोटो काढतो, माणसं बरी करत नाही."

"फोटो कुठाय?"

न नेलेल्या एक्स-रेंचा गठ्ठा कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटावर होता. रुग्ण मेला की त्याचा एक्स-रे न्यायला कोणी येत नाही. सुताराचा तिथेच होता, पाकिटासकट. बाईने तो उजेडासमोर धरला, तिला स्वतःला फार कळत नव्हतं, पण खालची टाइप केलेली ओळ वाचता येत होती. दोन्ही फुप्फुसे स्वच्छ. ठसका लागल्यानंतर पन्नास मिनिटांनी काढलेला फोटो.

म्हणजे दोन वाजता सुतार पलंगावर नव्हताच. तळमजल्यावर घामाने निथळत, पोट धरून आडवा पडला होता. आणि त्याच दोन वाजता वर त्याची नाडी चौऱ्याऐंशी लागत होती.

वॉर्डाची इन्चार्ज आता बाईच्याच हाताखाली शिकलेली एक सिस्टर होती. एके काळी बाईच्या डब्यातलं खाणारी. बाई वॉर्डात शिरली तेव्हा ती औषधांच्या कपाटाशी होती आणि तिने मुद्दाम पाठ वळवून कपाटाला कुलूप लावलं, सावकाश.

"दोनची नाडी कुणी लिहिली?" बाईने विचारलं.

"अक्षर ओळखता की तुम्ही."

"तू लिहिलीस. कधी?"

"चारला. ते गेल्यावर." ती वळली. "मोकळे रकाने होते. एकपासून मोकळे होते. त्या दिवशी दोन पोरी रजेवर, एक चार नंबरच्या पलंगावर रक्ताच्या उलट्या होत होत्या तिथं अडकलेली, दोनला पाळी बदलायची, फोन वाजतोय तो कुणी उचलायचा? तुम्ही आता वर बसून रुमाल वाटता. तुमचं बरं आहे."

"त्याच्या बायकोला सांगणार आहेत, पाण्याने गेला म्हणून."

"मग मी काय करू? मी सांगितलं होतं का पाजायला?" आणि मग हलकेच, जणू खूप दिवस जपून ठेवलेलं बाहेर काढावं तसं, ती म्हणाली, "तुम्हीच शिकवलंत, बाई. दोनने कमी-जास्त. पेन बदल."

"ते तपासणीच्या दिवसापुरतं होतं."

"असं तुम्ही तेव्हा म्हणाला नव्हतात."

खरंच म्हणाली नव्हती. बाई जिन्याने वर आली, मणका ठणकत असतानाही लिफ्टसाठी थांबली नाही, कारण लिफ्टजवळ माणसं उभी होती.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. सांगायला दुसरं कोणी नव्हतं.

"आम्हीसुद्धा बसच्या वेळा अशाच भरायचो," तो म्हणाला. "पाच मिनिटं इकडेतिकडे. सगळीकडे तसंच असतं."

"तुमच्या वेळांनी कोणी मेलं नाही."

"तुला काय माहीत?" तो म्हणाला, आणि भाकरीचा तुकडा मोडत राहिला. मग म्हणाला, "सात महिने राहिलेत. तू बोललीस तर त्या पोरीची नोकरी जाईल, तुझी लाज जाईल, आणि तो सुतार काही परत येणार नाही. आढावा घ्यायचा असेल तर या भाजीचा घे, मीठ विसरलीस."

तिने ताट सरकवलं. नवऱ्याचा तिला संताप आला होता, आणि जास्त संताप याचा की त्याच्या बोलण्यात तिला खोट काढता येत नव्हती.

दुसऱ्या गुरुवारी तिने कमिटीपुढे रजिस्टर ठेवलं, एक्स-रे ठेवला, तक्ता ठेवला. कमी बोलणाऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, रजिस्टरातली ओळ वाचली आणि म्हणाले, "पोटात रक्तस्राव होत असणार. टाका सुटला असेल. दीडपासून." तेवढं पुरेसं होतं.

"वेळेवर कळलं असतं तर?" बाईने विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले.

"सिस्टर," अध्यक्ष म्हणाले, "आढावा हा शिकण्यासाठी असतो. कुणाला सुळावर चढवायला नव्हे."

"शिकायचं कुणी? त्या म्हातारीनं? पाणी पाजू नये हे?"

"आवाज खाली ठेवा. आणि तक्ता नंतर एका दमात भरला हे तुम्ही कशावरून म्हणता? दोनची वेळ थोडी चुकली असेल. अडीचला बघितलं, दोन लिहिलं."

"अडीचला तो खालीच होता. आणि भरला कसा ते मला कळतं, कारण तसा भरायला मी शिकवलंय. या वॉर्डात. माझ्या तोंडाने."

साहेबांना सूर सापडला. त्यांचा चेहराच खुलला.

"म्हणजे या प्रकरणात तुम्हीच गुंतलेल्या आहात," ते म्हणाले. "मग तुम्ही इथं बसायलाच नको होतं."

त्यानंतर ते फार समजूतदारपणे बोलले. माणूस कोंडीत सापडला की साहेब नेहमीच समजूतदार होत. पाण्याचं वाक्य काढून टाकू. त्याऐवजी लिहू, पाण्याचा मृत्यूशी संबंध आढळत नाही, नेमके कारण निश्चित सांगता येत नाही. म्हातारीला जे हवं ते मिळालं. तक्त्याचं प्रकरण अंतर्गत ठेवू, वॉर्डाला समज देऊ. तुम्ही हे उत्तर वाचून दाखवा आणि साठलेली रजा घ्या, थेट निवृत्तीपर्यंत. अब्रूने जा.

बाई काही बोलली नाही. तिघांनी तो होकार धरला. खोटं कशाला सांगा, तिच्याही मनात तो होकारच होता. म्हातारी सुटत होती. पोरीची नोकरी वाचत होती. ती स्वतः कुणापुढेही मान खाली न घालता घरी जाणार होती. यात वाईट कोणाचं होत होतं? मेलेल्याचं, आणि त्याचं आणखी काय वाईट होणार.

सोमवारी मायलेक आले. मुलाच्या हातात फाईलच्या नकला होत्या, कायद्याने त्याने मागून घेतलेल्या, आणि त्यांच्यावर लाल पेनाने खुणा होत्या. बाईने कागद समोर धरला आणि वाचलं. पाण्याचा मृत्यूशी संबंध आढळत नाही.

"परत वाचा," म्हातारी म्हणाली.

बाईने परत वाचलं. म्हातारीचे खांदे एकदम खाली आले. इतके दिवस ते वर उचलून धरलेले होते हे तेव्हा कळलं. तिने डोळे मिटले आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजल्यासारखं केलं. मुलाने तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने राहू दिला. त्या खोलीत सहा वर्षांत बाईने जे काही केलं होतं त्यातलं हे सर्वांत चांगलं होतं, आणि ते तिथेच थांबवता आलं असतं.

"मग कशाने गेले?" मुलगा म्हणाला. "निश्चित सांगता येत नाही म्हणजे काय? इतके आठवडे तुम्ही काय करत होतात?"

"जाऊ दे रे," म्हातारी म्हणाली. "झोपेत गेले. तूच वाचून दाखवलंस ना मला. शांत झोप, असं लिहिलंय तिथं." तिने बाईकडे पाहिलं. "रात्री झोप लागत नाही ना, तेव्हा मी तेच म्हणत पडते. तीन वाजता शांत झोपले होते. कुणीतरी हात लावून बघितलं होतं त्यांना. तुम्ही वॉर्डात होतात ना पूर्वी? ते बघूनच लिहितात ना, जे लिहितात ते?"

बाईच्या जिभेवर हो आलं होतं. एक अक्षर. पण म्हातारी तिच्याकडे बघत होती, रुग्णाच्या नातेवाइकाने सिस्टरकडे बघावं तशी, सगळा भार टाकून. सव्वीस वर्षं तिच्याकडे माणसांनी असं बघितलं होतं आणि तिने त्यांना दोनने कमी-जास्त केलेले आकडे दिले होते.

"नाही," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं, कमिटीचा कागद पालथा घालून. दीडपासून पोटात रक्त वाहत असावं. एक चाळीसला मागच्या लिफ्टने खाली नेलं. तिथे उभं राहता येत नव्हतं, घाम येत होता. खालून फोन केला, कुणी उचलला नाही. अडीचनंतर परत पलंगावर आणून ठेवलं आणि पावणेचारपर्यंत कुणी फिरकलं नाही. तक्ता ते गेल्यावर भरला.

मुलाने हातातल्या नकला बघितल्या. त्याने तक्त्यातल्या आकड्यांवर खूण केलेली नव्हती. गणिताच्या माणसाला ते बरोबरच वाटले होते.

"कोण आहे ती?" तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "न बघता लिहिणारी? नाव सांगा तिचं. मी तिला सोडणार नाही."

"लिहिलं दुसऱ्या सिस्टरने. तिला तसं लिहायला मी शिकवलं. पुष्कळांना शिकवलं." बाईने एक कोरा कागद ओढला. "हे मी तुम्हाला लिहून देते. माझ्या सहीने. त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

"तुमची सही," मुलगा म्हणाला. "तुमच्या सहीची किंमत काय?"

तिने लिहिलं. वेळा लिहिल्या, रजिस्टरचा पान नंबर लिहिला, शेवटी स्वतःबद्दलची ओळ लिहिली आणि कागद मुलाकडे सरकवला. त्याने तो हिसकावून घेतला. रुमालांचा खोका टेबलाच्या मधोमध होता, कुणी त्याला हात लावला नाही.

म्हातारी रडत नव्हती. तिचे खांदे पुन्हा वर गेले होते, आधीपेक्षा वर.

"पाण्याने गेले असते तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "माझ्या हातचं पिऊन गेले, असं तरी म्हटलं असतं."

"मावशी..."

"मावशी म्हणू नका मला." ती उठली. दाराशी जाऊन थांबली, पण वळली नाही, दाराच्या कडीकडे बघत बोलली. "मी बाहेर बाकावरच होते. सव्वादोन तास. दहा पावलांवर. तुम्हाला वेळ नव्हता तर मला आत घ्यायचं होतं. मला नाडी बघता येत नाही. पण मनगट धरून बसले असते."